बिजल्याच्या गळ्यातला गोफ

फार वर्षांपूर्वी, कुसळवाडीच्या माळावर लांडगे भरदिवसा गावकीला बसल्यासारखे गोल करून बसायचे त्या काळी, गावात गोजराआत्या नावाची बाई होती. ती एवढी रागीट होती की भांडायला उंबऱ्यावर आली की आतल्या चुलीतला विझलेला निखारा आपोआप धगधगायचा, असं म्हणतात. खोटं वाटलं तर वाटू द्या. पण ऐकता ऐकता तुम्हाला राग आला, तर तो दाबू नका. ही गोष्ट हसत सुरू करता येते, हसत संपवलेली मात्र कुणी ऐकलेली नाही.

आधी कुसळवाडीच्या कुत्र्यांचं सांगायला हवं. ही कुत्री कुणी विकत आणलेली नव्हती की जोड लावून निपजवलेली नव्हती. या मुलखात माणसानं पहिली चूल मांडली, तेव्हा तिच्या राखेत येऊन जी बसली, त्यांचीच ही पिलावळ. आखूड केस, उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी, पोट खपाटीला, पाय तारेसारखे. वाळक्या भाकरीच्या तुकड्यावर रात्रभर मेंढरं राखायची आणि सकाळी पुन्हा ताजी. त्यांच्या निबरपणाच्या गोष्टी मुलूखभर झाल्या होत्या. एकाला म्हणे नाग डसला, तर कुत्रं अंग झाडून निघून गेलं आणि नागालाच वैद्याकडं न्यावं लागलं. दुसऱ्यानं विंचू गिळला आणि नुसती ढेकर दिली. तिसऱ्यावर वीज पडली, तेव्हापासून ते अंधारात दिव्याच्या उपयोगी पडायचं, असं म्हणतात.

या गोष्टींनीच त्यांचा घात केला. कुत्र्याच्या कानात गोचिडं एरंडाच्या बियांसारखी टरारली, तरी धनी म्हणायचा, "त्येला काय हुतंय." लूत लागून पाठ उघडी पडली, तरी तेच. पोटात जंत होऊन पिलाचं पोट नगाऱ्यासारखं तटतटलं, की घरातली माणसं कौतुकानं म्हणायची, "बघा, कसं बाळसं धरलंय." नाजूक जनावराला जपतात. चिवट जनावराच्या वाट्याला कौतुक येतं, आणि कौतुकानं गोचीड निघत नाही.

गोजराआत्या या गावची लेक. लग्न होऊन ती नदीकाठच्या गावी गेली होती. तिथं ओसरीखाली व्यालेल्या कुत्रीवर सासूनं चुलीवरचं आधण फेकलं. गोजरानं सासूला काय सुनावलं ते कुणी सांगत नाही, पण त्या घराच्या भिंतीचा गिलावा त्या दिवशी जो गळून पडला, तो पुन्हा कुणाच्या हातानं धरला नाही, असं म्हणतात. भाजलेली कुत्री खांद्यावर, पिलं पदराच्या ओटीत, अशी ती माहेरी चालत आली आणि परत गेली नाही. गावची लेक म्हणून पोरंसोरं तिला आत्या म्हणायची. पुढं पुढं तिच्याहून थोरली माणसंही आत्याच म्हणायला लागली, कारण तिच्याशी दुसरं कुठलं नातं जोडायची कुणाची छाती नव्हती.

दिवस कलला की वेशीजवळच्या सपाट दगडावर ती बसायची. शेजारी मिठाच्या पाण्याचं गाडगं आणि करंजाच्या तेलात गंधक खललेली वाटी. कुणी हाक मारायच्या आत गावातली कुत्री येऊन ओळीनं बसायची. कुणी रेटारेटी केली तर मागचं कुत्रं त्याचा कान धरून त्याला शेवटी नेऊन बसवायचं. आत्या एकेकाचा कान उलटा करून आत बघायची. पायाच्या बोटांच्या बेचकीत कुसळ शिरलंय का ते चाचपायची, शेपटीच्या मुळाशी नख लावून गोचीड उपटायची आणि गाडग्यात टाकायची. लुतीवर तेल चोळायची, पिलांना गुळातून वावडिंग द्यायची. पावसाच्या तोंडाला दारोदार फिरून भिंतींच्या भेगा चुन्यानं बुजवायला लावायची, कारण गोचीड अंडी घालते ती भिंतीत. मेंढरू मेलं की ते खोल पुरायला लावायची, नाहीतर कुत्री ते उकरून खातात. आणि हे सगळं करताना तिच्या तोंडातून शिव्या वाहत असायच्या. शिवी धन्याला असायची, पण आवाज कुत्र्याच्या कानाशी. त्यामुळं कुसळवाडीच्या कुत्र्यांना शिव्या म्हणजे अंगाई वाटायची.

एकदा म्हाकू धनगर आपलं कुत्रं घेऊन आला. कुत्र्याची मान एका बाजूला कलली होती.

"आत्या, कालपास्नं असं चालतंय. जरा बघ की."

आत्यानं कानात बोट घातलं, वास घेतला. "काल? आरं ह्या कानात कुसळ सडलंय. तुज्या कानात बाभळीचा काटा घालते, म्हाक्या. आन सावकाशीनं येते बघायला."

"म्या म्हटलं, त्येला काय हुतंय, झाडंल आपसूक."

"त्येनं तुजं टकुरं झाडलं आसतं तर बरं झालं आसतं. धर डोकं. कुत्र्याचं धर, तुज्यात काय ठेवलंय धरण्यासारखं."

म्हाकू हसला. पुढं तो रोज येऊन कुत्र्याचे कान दाखवायला लागला, आणि गावात तसा तो एकटाच. बाकीचे यायचे ते कुत्रं आडवं पडल्यावर. दुखणं आल्यावर धावणारे गावोगाव असतात. दुखणं यायच्या आधी उठून बसणारं माणूस मात्र लोकांना किटकिटं वाटतं. आत्या तर त्यातून शिव्याही देत होती.

त्या साली सटवाजी पाटलाच्या कुत्रीला पिलं झाली, आणि त्यातलं एक तांबूस पिलू असं निघालं की त्याला बघायला परगावची माणसं यायची. डोळे उघडायच्या आत ते लांडग्याच्या वासावर गुरगुरलं, असं म्हणतात. पळालं की मागं नुसती रेघ उरायची. पाटलानं त्याचं नाव ठेवलं बिजल्या.

आता एवढं देखणं पिलू म्हटल्यावर त्याला दृष्ट लागणार. कुसळवाडीत दृष्टीचा काळा दोरा बांधायची रीत होती, वासराला, कोकराला, पिलाला, सगळ्यांना. दोऱ्याचा एक नेम होता. बांधायचा तो घरच्या लक्ष्मीनं, आणि एकदा बांधला की माणसाच्या हातानं सोडायचा नाही. तो आपसूक तुटला पाहिजे. मुदतीआधी कुणी तोडला, तर त्यानं धरून ठेवलेली सगळी पीडा घरावर उलटते. रीत तशी वाईट नव्हती. सुताचा दोरा एका पावसाळ्यात कुजून गळून पडायचा, पीडा त्याच्याबरोबर जायची आणि पिलू वाढायला मोकळं.

पण पाटलाच्या कुत्र्याला सुताचा दोरा कसा चालेल? सटवाजीनं आपल्या घोडीच्या शेपटीचे केस कापून आणले, त्याचा काळाभोर गोफ विणवून घेतला, त्यात कवडी आणि बिब्बा ओवला, आणि पाटलीण राहीबाईनं तो मोठ्या मायेनं बिजल्याच्या गळ्यात बांधला. घोड्याचा केस कुजत नाही. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घोड्याच्याच केसांची चाळण त्यांच्याकडं सासूच्या सासूपासून वापरात होती. ठाऊक असणं एका कोनाड्यात आणि रीत दुसऱ्या कोनाड्यात, अशी त्या घराची मांडणी होती.

आत्यानं गोफ बघितला आणि ती तशीच पाटलाच्या ओट्यापाशी गेली.

"वैनी, ह्यो गोफ आजच सोड. पिल्लू वाढतंय. गोफ वाढत न्हाई."

राहीबाई मवाळ बाई होती. "वन्सं, बांधलेला दोरा कुणी सोडतं का? मुदत भरली की तुटंल की."

"सुताचा तुटतो. ह्यो तुज्या नातवंडांच्या लग्नात वाजतगाजत मिरवंल."

ओट्यावर पाटील पानाचा विडा चघळत बसला होता, भोवती गडीमाणसं. तो म्हणाला, "आत्या, उगं जीव खाऊ नगंस. आपलं गावठी वाण हाय ते. त्येला काय हुतंय?"

आत्या त्याच्याकडं वळली. "सटवाजी, बारशाला तुज्या कमरंला बांधलेला करगोटा तसाच ठेवला आसता, तर आज तू आर्धा ओट्यावर आन आर्धा आंगणात पडला आसतास."

गडीमाणसं फिदकन हसली. एकाला तर ठसका लागला. पाटलाच्या पोटाचा घेर गावात प्रसिद्ध होता, आणि त्यावर कुणी त्याच्याच ओट्यावर बोललेलं नव्हतं. पाटील विडा थुंकून उठला. त्या दिवसापासून आत्यानं पाटलाच्या आवाराची पायरी चढायची नाही आणि पाटलाच्या कुत्र्याला कुणी तिच्या दगडावर न्यायचं नाही, असं त्यानं फर्मावलं.

आपल्याच जिभेनं ते दार बंद झालं, हे आत्याला वाटेतच कळलं. त्यामुळं ती आणखी भडकली, कारण आता रागवायला एक माणूस वाढलं होतं आणि ते माणूस ती स्वतःच होती. त्या दिवशी तिनं उपटलेली गोचिडं गाडग्यात पडता पडताच फुटत होती, असं म्हणतात.

बिजल्या वाढला. त्यानं माळावरचा एक म्होरक्या लांडगा असा पिटाळला की तो लांडगा पुढं एका मठात जाऊन राहिला. पाटील मिशीला पीळ देत मुलूखभर त्याचं कौतुक सांगायचा. पण कौतुक करताना कुणी त्याच्या मानेखाली हात घातला नाही. मानेवर थंडीची लव दाट झाली होती आणि गोफ तिच्याखाली दिसेनासा झाला होता. राहीबाईला वाटलं, मुदत भरली, तुटून पडला असेल. तिनं देवापुढं साखर ठेवली.

गोफ तुटला नव्हता. तो आत चालला होता.

पाऊस सुरू झाला आणि माशा वाढल्या. बिजल्याचा आवाज घोगरा झाला. तो खायचा कमी झाला, मग घास तोंडात घेऊन खाली टाकायला लागला. लाळ गळायची. आत्यानं म्हाकूला पाठवलं. "जा आन नुसतं त्येच्या मानंखाली बोट घालून बघ. बोट शिरलं न्हाई तर मला सांग. बाकी काय करू नगंस." म्हाकू गेला, पण पाटलाचा गडी बिरू कुंपणाशीच आडवा आला. "आत्याच्या माणसाला हात लावू द्यायचा न्हाई, आसं पाटलांनी सांगितलंय." आत्या स्वतः कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली. तिथून बिजल्या दिसला, मान खाली घालून कोपऱ्यात उभा. तिनं ओरडून पाटलाला, पाटलाच्या घोडीला आणि गोफ विणणाऱ्याच्या बोटांना शिव्या दिल्या. कोपऱ्यातल्या बिजल्याची शेपटी जराशी हलली.

मग एका सकाळी बिरूनं बिजल्याला ओढून बाहेर काढायला त्याच्या मानेलाच हात घातला, आणि बिजल्या त्याच्या दंडाला कडाडून चावला.

लाळ गळतेय, अन्न टाकतोय, धन्याच्या माणसाला चावला. गावाला आणखी काय हवं? पिसाळला. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खोटी नाही. खरोखर पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं, तर आत्या स्वतः लोकांना माळवदावर चढवून दारं लावायला सांगायची, तिथं हात घालण्यात शहाणपण नसतं हे ती जाणून होती. पण त्या सकाळी गाव विचार करत नव्हतं. पाटलानं चावडीवर सगळ्यांना जमवलं. बिजल्या गेला की आपली शोभा गेली, याचं दुःख त्यानं गावावर काढलं. तो म्हणाला, "बिजल्या तर मारायचाच. पण त्येच्या तोंडाला तोंड लावलेलं एक कुत्रं गावात जितं ठेवायचं न्हाई. सगळी मारा."

माणसं काठ्या घेऊन निघाली. जी कधी कुत्र्याचा कान उलटा करून बघायला वाकली नव्हती, ती आज लांब ढांगा टाकत होती.

मेंढरं बसवायच्या काटेरी कुंपणात बिजल्या उभा होता. आत्या गर्दीच्या आधी तिथं पोचली होती. वारा तिच्याकडं वाहत होता, आणि त्या वाऱ्यावर तिला सडलेल्या मांसाचा वास आला. तिनं सोबत आलेल्या म्हाकूच्या कमरेला खोचलेली मेंढरं कातरायची कातर ओढून घेतली.

"पिसाळलं न्हाई ते," ती म्हणाली. "आतून कापलं जातंय. एकानं बी काठी उचलली तर आधी माज्या टाळक्यात घाला."

"चावलं तर भुंकून मरशील, आत्या," पाटील ओरडला.

"मग लई दिसांनी गावात कुणीतरी शाण्यासारखं बोलंल."

राहीबाई गर्दीतून पुढं आली. कातर बघून तिला कळलं, आत्या काय करणार आहे ते, आणि गोफ अजून आहे हेही तेव्हाच कळलं. "वन्सं, कातर लावू नका. पीडा उलटंल. माजं घर बसंल."

"बसू दे," आत्या म्हणाली. "उभं राहून काय केलं त्या घरानं?"

ती कुंपणात शिरली. बिजल्यानं दात दाखवले. आत्या पुढं सरकत शिव्या देत होती, पाटलाच्या पागोट्यापासून सुरुवात करून त्याच्या खापरपणज्यापर्यंत, एकही शिवी दुसरीसारखी नाही. बिजल्या गुरगुरत होता, गुरगुरता गुरगुरता ऐकत होता, आणि मग त्याचे कान खाली पडले. असला आवाज त्यानं लहानपणी आईच्या पोटाशी बसून वेशीजवळच्या दगडावर ऐकला होता. तो खाली बसला आणि त्यानं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

आत्यानं मानेखाली बोट घातलं. बोट शिरायला जागाच नव्हती. तिनं लव कातरली, आणि पुढच्या रांगेतली माणसं काठ्या टाकून मागं सरली. गळ्याभोवती एक चर पडला होता, आत किडे वळवळत होते, आणि त्यांच्या तळाशी घोड्याच्या केसांचा गोफ होता, जसाच्या तसा, काळाभोर, चकचकीत. कवडीसुद्धा फुटली नव्हती.

तिनं कातरीचं टोक त्याखाली घातलं आणि गोफ कापला.

तेव्हा बिजल्या भुंकला. इतके दिवस गळ्यात अडकलेलं सगळं भुंकणं एकदम बाहेर पडलं. ते माळावरून गडगडत गेलं, खिंडीतल्या लांडग्यांनी शेपट्या पायांत घातल्या, देवळातली घंटा कुणी हात न लावता हलली, आणि पार नदीकाठच्या गावात बारशाला जमलेल्या बायकांनी पाळणा घट्ट धरला, असं म्हणतात. मग बिजल्यानं पुन्हा मांडीवर डोकं ठेवलं. आत्या जखम धूत राहिली, किडे वेचत राहिली, शिव्या देत राहिली. त्याच्या अंगाला गारवा आला तरी तिचे हात थांबेनात. शेवटी म्हाकूनं तिचं मनगट धरलं.

"आत्या, ते गेलं."

ती उठली. पाटलापाशी गेली आणि तिनं तो गोफ त्याच्या तळहातावर ठेवला.

"घे. मुदत भरली."

ती गर्दीकडं वळली. "काठ्या का टाकल्या? उचला की. मारायला आख्खं गाव गोळा झालं. कानात बघायला एक येत नव्हता. निबर हाय म्हणं. निबर म्हंजे काय, त्येला दुखत न्हाई? त्येला दुखतं. ते बोलत न्हाई, येवढंच. तुमी सुखानं झोपता, कारण ते रातभर जागं ऱ्हातं. आन तुमी त्येला कसलं वाण म्हणता? काय बी झालं तरी न मरणारं. म्हंजे तुमाला जपायला नगं. बघते आता मी, तुमाला काय हुतंय."

तिनं पदर खोचला, बिजल्याला खांद्यावर घेतलं आणि खिंडीकडं चालू लागली. मागून गावातली सगळी कुत्री उठली. दारातली, उकिरड्यावरची, मेंढरांमागची, दाव्याला बांधलेली. दावी कुणी सोडली नाहीत. ती आपोआप सुटली, असं म्हणतात. एकही भुंकलं नाही. एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

पहिले दिवस गावाला बरं वाटलं. ब्याद गेली म्हणून कुणी पुरणही घातलं. मग लांडगे आले. आधी कुंपणापर्यंत, मग वेशीपर्यंत, मग चावडीवर. रानडुकरं भुईमूग उकरून शेंगा फोडून खायची आणि टरफलं दारात आणून टाकायची. कोल्हे दिवसा खुराड्यात शिरून कोंबड्यांच्या जागी बसायचे. पाटील एकदा बाजेवर पडायला गेला, तर तिथं लांडगा आधीच पांघरूण घेऊन निजला होता. सटवाजीनं युक्ती केली. त्यानं गावातल्या बाप्यांना भुंकायच्या पाळ्या लावल्या. रोज सांजेला पाळीचे बाप्ये वेशीवर उभे राहून घसा फाटेपर्यंत भुंकायचे. लांडगे समोर बसून मन लावून ऐकायचे आणि एखाद्याचं बरं जमलं तर मान डोलवायचे, असं म्हणतात. पण मेंढरं रोज कमी होत होती, आणि हसायचं कुणाला सुचत नव्हतं.

पाटील माफी मागायला जाईना. राहीबाई गेली. कुणाला न सांगता, अनवाणी, खिंडीतला चढ चढून ती वर झऱ्यापाशी पोचली. तिथं कुत्री उन्हात पहुडली होती. त्यांच्या अंगावर एकही गोचीड नव्हती, अंगं अशी तुकतुकीत की बघणाऱ्याचं तोंड त्यात दिसावं. झऱ्याच्या वरच्या अंगाला दगडांचा एक ढीग होता. त्याखाली कोण आहे, हे राहीबाईला विचारावं लागलं नाही.

"वन्सं, माज्या हातनं झालं," ती म्हणाली.

"व्हय," आत्या म्हणाली. "तुज्याच हातनं."

राहीबाईला वाटलं होतं, आत्या निदान एवढं तरी म्हणेल की तू मायेनं बांधलास. आत्या तसं काही म्हणाली नाही.

"काय सांगाल ते प्रायश्चित्त घेते. सोळा सोमवार धरते. अभिषेक घालते."

"तू उपाशी ऱ्हाऊन कुणाच्या कानातली गोचीड गळणार हाय? बस खाली. हात दे."

आत्यानं तिचा हात धरून एका काळ्या कुत्रीच्या मानेखाली घातला. कुत्रीच्या गळ्यात धन्यानं घातलेला चामड्याचा पट्टा होता, आत्यानं सैल केलेला. "बोट घाल. शिरलं? दुसरं घाल. फिरव. आता कान उलटा कर. आत बघ. नुसती नजर टाकू नगंस, बघ. आता पायाची बोटं फाकव."

सोन्याच्या पाटल्या कोपराकडं सारून राहीबाईनं पायाची बोटं फाकवली. त्याच दिवशी नव्यानं आलेल्या एका भटक्या कुत्र्याच्या कानात गोचिडांचा घोस होता, तो बघून राहीबाईला उमासा आला. ती बाजूला जाऊन ओकली, चूळ भरली आणि परत येऊन बसली. दिवसभर ती एकेक कुत्रं हातावेगळं करत होती. मधेच तिला बिजल्याचं लहानपण आठवलं, गळ्यात गोफ बांधताना त्यानं तिची बोटं चाटली होती ते, आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

"रड," आत्या म्हणाली. "पण हात थांबवू नगंस."

सूर्य टेकला तेव्हा राहीबाईची नखं काळी झाली होती. तिनं विचारलं, "आता येता का खाली?"

आत्यानं दगडांच्या ढिगावरून घसरलेला एक धोंडा पुन्हा वर बसवला. "येते. पण माजा राग गेला म्हणून न्हाई. तो जायाचा न्हाई. लांडगे त्या मेंढरांना खात्यात, आन मेंढरांनी काय केलंय? म्हणून येते. तुज्या दाल्ल्याला सांग, पयलं कुत्रं दगडावर बसून त्येनं बघायचं. माज्या समोर."

आत्या कुत्री घेऊन गावात उतरली, तेव्हा लांडगे चावडीवरून उठून, बाजेवरचं पांघरूण घडी करून, निमूट निघून गेले, असं म्हणतात. सटवाजी पाटील वेशीजवळच्या दगडावर बसला. पोटामुळं त्याला वाकता येईना. तरी तो वाकला. आत्या त्याच्या डोक्यावर उभी राहून शिव्या देत होती, आणि आज त्याच्या गड्यांपैकी एकजणही हसला नाही. बिरूनं, दंडाला फडकं बांधलेल्या हातानं, गाडगं धरलं होतं.

पुढं आत्या किती वर्षं जगली, याचा हिशोब कुणापाशी नाही. बेंदराला बैलांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ती गावातलं एकूण एक कुत्रं दगडापाशी बोलवायची. "बैलाला झूल, बैलाला पुरणपोळी, आन राखणदाराला काय, लाथ?" असं म्हणून ती घराघराला झोडपायची. अशाच एका बेंदराच्या दुसऱ्या दिवशी शेवटचं कुत्रं बघून झाल्यावर ती उठली आणि खिंडीकडं चालायला लागली. कुणी अडवलं नाही, कारण वाटेत येणाऱ्याला ती शिव्या घालत होती. ती दिसेनाशी झाली, तरी शिव्यांचा आवाज लांब लांब जात राहिला. तो अजून पुरता थांबलेला नाही, वारा खिंडीकडून असला की लुतीची, गोचिडांची आणि तुमच्या आमच्या खापरपणज्यांची नावं त्यात ऐकू येतात, असं म्हणतात.

कुसळवाडीत आजही बेंदराच्या दुसऱ्या दिवशी गावच्या एका लेकीला एका दिवसापुरती आत्या करतात. सासरहून परत आलेली, जिभेची तिखट अशी बघून निवडतात, आणि त्यासाठी चुरस लागते. ती वेशीवर बसते आणि दारोदारचं कुत्रं तिच्यापुढं येतं. कानात गोचीड निघाली की त्या घरच्या कर्त्या माणसानं मान खाली घालून शिव्या ऐकायच्या. सरपंच असला तरी, शाळेचा हेडमास्तर असला तरी. जनावरांचा डॉक्टर त्याच दिवशी पिसाळीच्या सुया घेऊन येतो, कारण ज्यावर आत्याच्या हातातही इलाज नव्हता, त्याला आता आधीच अडवता येतं. एका वर्षी तो उशिरा आला, तर त्यालाही प्रसाद मिळाला. आणि कुसळवाडीत पाहुणा आला की घरात शिरण्याआधी तो दारातल्या कुत्र्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघतो. शिरली तर आत जाऊन चहा घेतो. नाही शिरली तर चपला न काढता तसाच मागं फिरतो, मग तो नवा जावई का असेना. आता घोड्याच्या केसाची जागा नायलॉनच्या दोरीनं घेतलीय, तीही कुजत नाही. दुसऱ्या गावांत जाऊन बघा, किती पिलांच्या गळ्यांत ती आत आत चाललीय, आणि किती ओट्यांवर माणसं विडा चघळत बसलीयत.

आत्याचा तो दगड अजून आहे. त्याला शेंदूर लावत नाहीत, करंजाचं तेल लावतात. त्याच्यापुढं नवस बोलत नाहीत. नवसाला आत्या पावत नाही, खवळते. गावचं माणूस दगडापुढं आलं की दोन्ही हात पुढं करतं, आधी तळवे, मग नखं, आणि आत्याला हातांचा वास घेता यावा म्हणून जरा थांबतं. तिथं कुणी हात जोडून, डोळे मिटून उभं असलेलं दिसलं, तर खुशाल समजावं, माणूस परगावचं आहे.